एकटेपणाचे सिनेमे माजघरात कसे लावावेत

निमंत्रण देताना 'एकटेपणावरचा सिनेमा आहे' असं चुकूनही म्हणू नका. एकटी राहणारी माणसं तसल्या सिनेमाला येत नाहीत. कुणाला कसलं ना कसलं काम सांगून बोलवायचं. काकींना सांगा, येताना बॅटरी आणा, जाताना तात्यांना चढणीपर्यंत सोबत करा. तात्यांना सांगा, खुर्च्या मांडायला हात लावा, माझी कंबर धरलीय. दोघंही येतील, आणि दोघांनाही वाटेल की आपल्यावाचून अडलं होतं. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून कुणी येत नाही. अंगठा दाखवतात आणि घरी बसतात. खळ्यात जाऊन उभं राहावं लागतं, पाणी प्यावं लागतं, मुंबईच्या मुलाची चौकशी करावी लागते. मग शेवटी, निघता निघता, सिनेमाचं सांगायचं.

माझा धंदा फोटो स्टुडिओचा. देवगड तालुक्यात लग्न, साखरपुडा, बारसं, वास्तुशांत, जे येईल ते शूट करतो. प्रोजेक्टर घेतला तो हॉलमध्ये नवरा-नवरीचे लहानपणीचे फोटो दाखवायला. सीझन सोडला तर पेटीतच पडून असतो. लग्नाच्या व्हिडिओत मी चार सेकंदांवर शॉट ठेवत नाही. ठेवला तर गिऱ्हाईक विचारतं, "इथे अडकलं की काय?" त्यामुळे ज्या सिनेमात एक बाई बटाटे सोलत बसते आणि कॅमेरा जागचा हलत नाही, तो वाडीतल्या लोकांना दाखवायचं माझ्या डोक्यात कसं आलं, हे बायकोला अजून कळलेलं नाही. पण वाडीतली निम्मीशिम्मी घरं गणपती आणि मे महिना सोडला तर कुलूपबंद असतात, आणि उघड्या घरांत पुष्कळदा एकच माणूस असतं. असली माणसं हे सिनेमे फार बारकाईने बघतात. शिकलेल्या प्रेक्षकापेक्षा जास्त.

वेळ दुपारी चारची ठेवा. रात्री नऊला म्हातारी माणसं झोपतात, सात ते नऊ मालिका असतात, आणि काळोखात पाणंदीने परतायचं म्हणजे साप-विंचवाची आणि हल्ली बिबट्याची धास्ती. दुपारी दोनला लावलात तर भात आणि तिखलं पोटात असतं, पहिल्या दहा मिनिटांत घोरणं सुरू. चारला चहा झाला की डोळे उघडे असतात आणि दीड तासाचा सिनेमा तुळशीकडे दिवा लावायच्या आत संपतो. दिवसाढवळ्या काळोख कुठून आणणार, असं विचाराल तर जुन्या कोकणी घराचं माजघर बघा. बांधणाऱ्याने खिडकीच ठेवलेली नसते. दोन दारांवर घोंगडी टाकली की झालं.

महिने म्हणाल तर दिवाळीनंतर होळीपर्यंत. त्यातही गावातली आणि शेजारच्या गावांतली जत्रा कधी आहे ते आधी विचारून घ्या. दशावतार रात्रभर बघून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी संथ सिनेमा दाखवणं हा अन्याय आहे. पावसाळ्यात वेळ सगळ्यांकडे असतो, पण कौलांवरचा पाऊस आणि बेडकं यांच्यापुढे आवाजाचं काही चालत नाही.

आता सामान. माजघरासाठी ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरून उरतो. उलट उजेड कमी करून वापरा, म्हणजे पंख्याचा आवाजही कमी होतो. हे महत्त्वाचं आहे, कारण या सिनेमांत पाच-पाच मिनिटं कुणी बोलत नाही आणि तेवढा वेळ प्रोजेक्टरची घरघर ऐकू येत राहते. मी प्रोजेक्टर ओटीवर ठेवतो आणि दारातून आत मारतो. बहुतेक साध्या प्रोजेक्टरना चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागतं, म्हणजे सहा फूट रुंद चित्राला नऊ फूट. टेप लावून आधी मोजा. चादर टांगणार असाल तर ओली करून, खाली काठी बांधून टांगा, सुकेपर्यंत सुरकुत्या जातात. कडेने काळं अस्तर लावलंत तर चित्र एकदम उठून दिसतं. स्पीकर दोन, छोटे, पडद्याखाली, आणि वायरचे. ब्लूटूथला आवाज किंचित मागे राहतो. लग्नातले डीजेचे बॉक्स तर आणूच नका. त्यातून नुसती धडधड येते, आणि आपल्याला किटलीचं झाकण ऐकायचं आहे.

बसायला ओळी करू नका. एकट्या माणसाला दोन अनोळखी खांद्यांच्या मध्ये बसायला आवडत नाही. भिंतीला टेकून बसता येईल अशी जागा आणि दाराजवळ दोन खुर्च्या, कधीही उठून जाता येईल अशा. उठून गेलेल्याला हाक मारायची नाही. बऱ्याचदा तो ओटीवर जाऊन तंबाखू मळून परत येतो.

सिनेमा निवडताना बक्षिसांची यादी बाजूला ठेवा. मी एकच बघतो, या सिनेमात हात काय करतायत? कुणी पीठ मळतंय, कुणी तिकीट फाडतंय, कुणी डबा घेऊन उभं आहे, असं असेल तर आमच्याकडे तो चालतो. नुसतं कुणी खिडकीतून बाहेर बघत आयुष्याचा विचार करत असेल तर नाही चालत, मग तो कितीही थोर असो.

सुरुवात मणी कौल यांच्या 'उसकी रोटी'ने करा. १९६९ चा सिनेमा, काळा-पांढरा, मोहन राकेश यांच्या कथेवरचा. पंजाबातली बालो नवऱ्यासाठी रोटी घेऊन रस्त्याला येऊन उभी राहते. नवरा सुचासिंग बस ड्रायव्हर, घरी आठवड्यातून एकदा येणारा. एका दिवशी तिला पोचायला उशीर होतो. गोष्ट म्हणाल तर एवढीच. छायाचित्रण के. के. महाजन यांचं. यात दोन लेन्सा आहेत, २८ मिलिमीटर आणि १३५ मिलिमीटर. एकीत सगळं रान, सगळा रस्ता मावतो आणि बाई एवढीशी दिसते. दुसरीत तिचा हात किंवा चेहरा जवळ येतो आणि मागचं जग पुसलं जातं. हे मी लोकांना आधी सांगत नाही, पण तुम्ही लक्षात ठेवा. मध्येच कुणी विचारलं की आता हे खरं घडतंय की तिच्या मनात, तर उत्तर द्यायची घाई करू नका.

आमच्याकडे हा सिनेमा बघायला एक निवृत्त एसटी ड्रायव्हर येतात, सगळे त्यांना तात्या म्हणतात. तालुक्याला शिकायला राहिलेल्या पोरांचे डबे एसटीने पाठवायची आपल्याकडची पद्धत. तात्यांच्या गाडीत केबिनच्या दांडीला ते डबे लटकलेले असत. पहिला अर्धा तास तात्या सुचासिंगच्या गाडी चालवण्यावर नाराज होते. मग बालो रस्त्याच्या कडेला उभीच आहे, उभीच आहे, असा तो लांब शॉट आला आणि ते हळूच म्हणाले, "डबो वर धरी, वळान जाय. तिचा तोंड मी कधी बगलंयच नाय." कुणाची आई, कुठला थांबा, काही सांगितलं नाही. शेजारच्या काकी पडद्याकडेच बघत म्हणाल्या, "माझो डबो पण तूच नेय हुतंस." गावात राहून इतकी वर्षं ही दोघं एकमेकांशी रेशनच्या रांगेपलीकडे बोलली नव्हती. मी प्रोजेक्टरच्या मागे होतो. अशा वेळी तिथेच राहायचं, मध्ये तोंड घालायचं नाही.

दुसरा सिनेमा मोठा आहे आणि भल्याभल्यांना घाबरवतो. शांताल आकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा 'जान दीलमान', १९७५ चा, २०१ मिनिटांचा. पूर्ण नावात ब्रुसेलमधल्या घराचा अख्खा पत्ता आहे. केला तेव्हा आकरमान पंचविशीच्या आतल्या होत्या. २०२२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाने जगभरच्या समीक्षकांकडून मतं मागवली त्यात हा पहिला आला. ही माहिती माजघरात सांगण्यात अर्थ नाही. सांगायचं ते एवढंच, की एक विधवा बाई आहे, वयात आलेला मुलगा आहे, आणि तिचे तीन दिवस आहेत.

साडेतीन तास कुणी बसणार नाही. पण सिनेमातच पहिला दिवस संपला, दुसरा दिवस संपला, अशा पाट्या येतात. म्हणून सप्ताह बसवतात तसा तो तीन संध्याकाळी बसवा, एका दिवसाचा भाग एका संध्याकाळी. प्रत्येक भाग साधारण तास-सव्वा तासाचा होतो. शहरातले सिनेमावाले यावर नाक मुरडतील. मुरडू देत. मधल्या वेळात लोक घरी जातात, स्वतःचा स्वयंपाक करतात, दिवे मालवतात, आणि दुसऱ्या दिवशी येतात तेव्हा त्या बाईच्या घराची सवय झालेली असते. ही सवय झाल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

बायकांना हातात काम द्या. फेब्रुवारी-मार्च असेल तर भिजवलेल्या ओल्या काजूबिया सोलायला ठेवा, एरवी लसूण किंवा कडवे वाल. पडद्यावर दीलमानबाई बटाटे सोलते, इथे बिया सोलल्या जातात, आणि दहा मिनिटांत सगळ्यांचे हात एका गतीने चालू लागतात. पहिल्या दिवशी ती सगळं नेमाने करते. खोलीतून निघताना दिवा बंद, झाकण जागेवर, पैसे सूप वाढायच्या भांड्यात. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि ती भांडं हातात घेऊन घरभर फिरते, टाकायचं कुठे सुचत नाही. चित्रपट महोत्सवात हा प्रसंग आला की काही लोक घड्याळ बघतात. आमच्या माजघरात मात्र काजू सोलणारे हात थांबले. एक मावशी म्हणाल्या, "हिचा आज कायतरी बिनसला." त्यांना कुणी सिनेमा शिकवलेला नाही. पण जिचा सगळा दिवस भांड्यांच्या जागांवर उभा आहे, तिच्या घरात झाकण एकदा उघडं राहिलं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक आहे.

कॅमेरा जरा खाली लावलेला आहे, आकरमान स्वतः बुटक्या होत्या त्या उंचीला. त्यामुळे तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर नाही पण स्टुलावर बसून बघताय असं वाटतं. मीही तेव्हापासून लग्नघरात बायका काम करत असतील तर कॅमेरा छातीच्या खाली घेतो. गिऱ्हाइकाला कारण कळत नाही, फोटो आवडतो.

एक सूचना द्यायलाच हवी. दीलमानबाईकडे दुपारी पुरुष येतात, पैसे ठेवून जातात. पहिल्या दोन दिवशी दाराआड राहतं, तिसऱ्या दिवशी राहत नाही, आणि शेवटाला हिंसा आहे. तिसऱ्या संध्याकाळी पोरांना आणू नका, आणि मोठ्यांना आधी दोन वाक्यांत सांगून ठेवा. मी तात्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माका कालच कळला."

भाषेचं काय करायचं? इंग्रजी पाट्या इथे कुणी वाचत नाही. पण या सिनेमांत बोलणं इतकं थोडं असतं की मराठी पाट्या एका बैठकीत तयार होतात. सबटायटलची एसआरटी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. वेळेचे आकडे तसेच ठेवायचे, खालचं वाक्य मराठीत लिहायचं, आणि सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडायचं, नाहीतर पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं येतात. व्हीएलसी या प्लेअरमध्ये सबटायटलचा फॉन्ट बदलून देवनागरीचा, मंगल किंवा निर्मला, निवडा. अक्षर मोठं, वाक्य एका ओळीचं. ज्यांना वाचता येत नाही किंवा चष्म्याचा नंबर वाढलाय त्यांच्यासाठी कुणीतरी एकाने हळू आवाजात वाचावं. दीलमानबाई कॅनडातल्या बहिणीचं पत्र मुलाला वाचून दाखवते, एका सुरात, भरभर. ते मी आमच्या भाचीकडून तसंच वाचून घेतलं. मनिऑर्डरीबरोबरची पत्रं अशीच वाचली जायची, असं काकींचं म्हणणं.

पाट्यांची कटकटच नको असेल तर तैवानच्या त्साय मिंग-लियांग यांचा 'गुडबाय, ड्रॅगन इन' लावा. २००३ चा, ८२ मिनिटांचा. ताइपेमधलं एक जुनं थिएटर, बाहेर पाऊस, छत गळतंय, शेवटचा खेळ, आणि आत मोजकी माणसं. पडद्यावर १९६७ चा तलवारबाजीचा सिनेमा चालू आहे. बघणाऱ्यांत दोन म्हातारे आहेत, ते त्याच जुन्या सिनेमातले नट. पहिलं माणसाचं बोलणं यायला पाऊण तास जातो, आणि ते काय, तर या थिएटरात भुतं आहेत. आमच्याकडे हे वाक्य आलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. कुठल्या वळणावर कोण असतं याची यादी इथे प्रत्येकाकडे आहे.

यात तिकिटं देणारी एक बाई आहे, पायाने अधू. वाफवलेल्या पावाचा ती अर्धा भाग स्वतःसाठी ठेवते आणि अर्धा वर प्रोजेक्टर चालवणाऱ्याला द्यायला निघते. जिने चढतानाचा तिच्या पावलांचा आवाज ऐकू द्या, तिथे कुणाला बोलू देऊ नका. तो खोलीत नसतो. आमच्याकडच्या एका आजीला ती वाटणी पटली नाही. "अर्धो कित्याक? आख्खो दिवक व्हयो होतो." यावर पाऊण तास वाद झाला. अर्धा दिला तर माणूस दुसऱ्या अर्ध्यासाठी विचारायला येतो, असं एकीचं मत होतं. मी प्रेमावरची एवढी चांगली चर्चा कुठल्या महोत्सवात ऐकलेली नाही.

फिनलंडच्या आकी कौरिस्माकी यांचा 'फॉलन लीव्ह्ज' (२०२३) थोडक्यात सांगतो, कारण तो सोपा आहे, ८१ मिनिटांचा आहे आणि हसवतो. हेलसिंकीतली सुपरमार्केटमधली बाई आणि दारूपायी नोकऱ्या घालवणारा कामगार. तिच्या घरी ताट एकच. तो जेवायला येणार म्हणून ती दुसरं ताट, काटा-सुरी विकत आणते. सिनेमा झाल्यावर विचारण्यासारखा प्रश्न हाच आहे, तुमच्याकडे जास्तीचं ताट कुठे ठेवलंय?

म्हणजे चर्चेचं सूत्र हेच. "कसा वाटला?" विचारलंत की "बरो होतो" म्हणून सगळे चपला शोधायला लागतात. "तुम्हाला एकटं वाटतं का?" हे तर पोलिसांनीही विचारू नये. विचारायचं ते वस्तूबद्दल. तिने काय शिजवलं होतं? तो दिवा कुणी मालवला? रोटी किती गार झाली असेल? उत्तर देता देता माणसं आपल्या घरात शिरतात आणि कधी शिरली हे त्यांनाही कळत नाही. मग आपण चहा टाकायचा. चहा नंतरच, आधी दिला तर मध्येच सगळे मागीलदारी जातात.

'कासव'बद्दल वेगळं सांगायला हवं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा मराठी सिनेमा, ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालेला, आपल्याच किनाऱ्यावर घडतो. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपणारी माणसं आणि आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला एक तरुण यांची गोष्ट. जवळचा आहे म्हणून लोक पहिल्यांदा हाच लावायला बघतात. मी तो मागाहून लावतो, बसणाऱ्यांची एकमेकांशी ओळख मुरल्यावर. आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर, १४४१६, कागदावर लिहून चहाच्या ट्रेजवळ ठेवतो. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आणि मराठीत. नंबर वाचून दाखवायचा नाही. कागद आपोआप कमी होतात.

परवानगीचं विसरू नका. ओटीटीची वर्गणी घरापुरती असते. घरात चार शेजारी बसवणं वेगळं, आणि वाचनालयात किंवा शाळेत बोर्ड लावून दाखवणं वेगळं. तसं करायचं तर हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची लेखी परवानगी घ्या, तिकीट नसलं तरीही. जुन्या भारतीय सिनेमांसाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात विचारा, आता ते एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालंय. गावात नेमाने करायचं असेल तर फिल्म सोसायटीच काढा. १९५९ साली सत्यजित राय अध्यक्ष असताना स्थापन झालेला फिल्म सोसायट्यांचा महासंघ आजही आहे आणि मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून चालू आहे. या लोकांना लिहायला संकोच करू नका.

लाईट जाणार हे धरूनच चाला. इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर आणि लॅपटॉप चालतात, पण घरातल्यांनी त्याच वेळी मिक्सर लावायचा नाही. इन्व्हर्टर नसेल तर लाईट येईपर्यंत पुढे काय होणार यावर पैजा लावा. 'उसकी रोटी'च्या वेळी बस येणार की नाही यावर आमच्याकडे शहाळी लागली होती. पावसाळ्यात प्रोजेक्टर सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर लेन्सला बुरशी धरते आणि ती काढायला प्रोजेक्टर कोल्हापूरला पाठवावा लागतो.

गणपतीत आणि मे महिन्यात हे सगळं बंद. चाकरमानी आलेले असतात, माजघरात गाद्या घातलेल्या असतात, आणि मुंबईचा नातू प्रोजेक्टर बघून आयपीएल लावा म्हणतो. लावून द्यावी. काकी त्याच्या शेजारी बसून दर ओव्हरला विचारतात, हा पोरगा बॉल टाकण्याआधी एवढा लांब कशाला जातो.